काचेतला चेहरा

१

रविवारी सकाळी पेपरात देवाचा चेहरा छापून आला आणि सोमवारी दुपारपर्यंत पेपरच्या कचेरीची दर्शनी बाजूची एकही काच शाबूत उरली नाही.

तसं पाहिलं तर ‘देवाची खिडकी’ ही चित्रमालिका काही नवी नव्हती. तीस-एक वर्षं ती दर रविवारी येत होती. चार चौकटी, काळ्या रेघा, रंग नाही. त्यातला देव म्हणजे कचेरीतला एक थकलेला कारकून. तो कायम पाठमोरा. मागून टक्कल दिसायचं, वाकलेले खांदे दिसायचे आणि कानांवर अडकवलेल्या चष्म्याच्या काड्या दिसायच्या. समोर खिडकी, खिडकीला काच, काचेपलीकडे तक्रारी घेऊन रांगेत उभी असलेली माणसं. शेवटच्या चौकटीत काच कोरी व्हायची आणि देव विचारायचा, “पुढचं कोण?” तीस वर्षांत त्या काचेपलीकडे पुढचं कोणी आलं नव्हतं आणि देवाचा चेहरा कोणी पाहिला नव्हता.

मधूनमधून कोणी ना कोणी चिडायचं. धर्माची थट्टा म्हटल्यावर ते आलंच. पण चिडणारा माणूस पुढच्या रविवारी तेच पान आधी उघडायचा.

त्या रविवारी एक भक्त देवाला सांगत होता, “मी रोज हजारदा तुमचं नाव घेतो.” देव म्हणाला, “अच्छा, म्हणजे फोन सतत एंगेज असतो तो तुमच्यामुळे.” इथवर सगळं नेहमीसारखं. पण शेवटच्या चौकटीत देव “पुढचं कोण?” म्हणाला आणि समोरच्या काचेत एक चेहरा होता. तरुण, बारीकसा हसणारा. देव काचेसमोर बसलाय, तेव्हा काचेत दिसणार ते देवाचंच प्रतिबिंब, असा अर्थ पहिल्या माणसाने लावला. दुसऱ्याने तो तिसऱ्याला सांगितला. संध्याकाळपर्यंत गोष्टीला पाय फुटले होते. देवाने डोळा मारलाय, देवाने जीभ काढलीय, असं सांगणारेही निघाले. दगड मारायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी चित्र पाहिलंच नव्हतं आणि उरलेल्यांनी फोनवर पाहिलं होतं, नखाएवढं.

हे सगळं इन्स्पेक्टरबाईंना मंगळवारी संपादकांच्या तोंडून कळलं. बाई पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बिल्डिंगमध्ये त्यांना अजून याच नावाने ओळखत. त्या एकट्याच राहायच्या. त्यांच्या दाराची बेल वाजवणारी माणसं दोनच, पेपरवाला आणि मजला चुकलेला. म्हणून बेल वाजली तेव्हा त्यांनी दार उघडून आधी सांगितलं, “वरच्या मजल्यावर.”

“नाही, तुमच्याकडेच आलोय,” संपादक म्हणाले. तरुण माणूस, काकांकडून वारशाने पेपर मिळालेला. दोन रात्री झोपला नसावा. “मूळ चित्र नाहीसं झालंय, बाई. आणि कोणीतरी खोटं बोलतंय.”

त्यांनी हकिगत सांगितली. चित्र काढायचे ते रेघकाका. हे त्यांचं कचेरीतलं नाव, आणि आता खरं नाव कोणाला आठवतही नव्हतं. म्हातारे झाले होते, एकटे राहायचे. ते घरी जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चित्र काढायचे. कचेरीचा शिपाई ते पाकिटातून घेऊन यायचा. कचेरीत शाईवाली नावाची मुलगी पेन्सिलीच्या रेघांवर काळी शाई फिरवायची. मग चित्र छापायला जायचं आणि रविवारी सकाळी पेपरबरोबर मूळ पुठ्ठा काकांना परत. या रविवारी काकांनी पाकीट उघडलं तर ते रिकामं.

“रेघकाका म्हणतात, मी काच कोरीच ठेवली होती. शाईवाली म्हणते, चेहरा काकांनीच काढला होता. मूळ पुठ्ठा असता तर शाईखाली पेन्सिल आहे की नाही, एका मिनिटात कळलं असतं.”

“छापायच्या आधी तुम्ही चित्र पाहिलं नव्हतंत?”

संपादकांनी रुमाल काढून मान पुसली. “नजर टाकली होती. वाटलं, काकांना काहीतरी नवीन सुचलं.”

“आता पोलीस काय म्हणतायत?”

“गावात हॉलमध्ये प्रवचनं देतात ना, त्या प्रवचनकारांच्या मंडळींनी तक्रार केलीय. तो चेहरा काढणाऱ्याचं नाव मागतायत. शुक्रवारी द्यायचंय.” ते उठले आणि दारापाशी थांबले. “मी त्या मुलीचं नाव देणार आहे, बाई. तीस वर्षांच्या माणसाचा शब्द खरा धरायचा की आठ महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीचा?”

२

शाईवालीची खोली कचेरीच्या मागच्या अंगाला होती. फुटलेल्या खिडकीला खोक्याचा पुठ्ठा लावला होता, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागत होता. टेबलावर शाईच्या बाटल्या, टाक, ब्रश आणि एका खुर्चीवर कपड्यांची पिशवी.

“इथेच राहतेस?” बाईंनी विचारलं.

“मैत्रिणीकडे. आज तिथूनही निघायला सांगितलंय.” मुलगी खाली बघत बोलत होती. “आमच्या बाबांनी दार लावून घेतलं. ते प्रवचनकारांकडे जातात ना. म्हणाले, देवाचं तोंड रंगवणाऱ्या मुलीचं तोंड बघायचं नाही. आई आतून रडत होती, पण दार नाही उघडलं.”

बाईंनी नोकरीत पुष्कळ रडणारी माणसं पाहिली होती. ही रडत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

“शनिवारच्या आधी पुठ्ठा तुझ्या हातात आला, तेव्हा त्यावर काय होतं? जसं होतं तसं सांग.”

“सगळं निळं होतं.”

“निळं म्हणजे?”

मुलीने ड्रॉवरमधून फिक्या निळ्या रंगाची पेन्सिल काढून दाखवली. “ही. हिची रेघ छपाईत उमटत नाही. म्हणून चित्रकार कच्चं काम हिने करतात आणि पक्क्या रेघा काळ्या पेन्सिलीने. मी काळ्यावर शाई फिरवायची, निळ्याला हात लावायचा नाही, असा नियम. काका आठ महिने तसंच करत होते. या वेळी मात्र पूर्ण चित्रात काळी रेघ एकही नव्हती. देव, भक्त, खिडकी, सगळं निळ्यात. चेहरासुद्धा.”

“मग काय केलंस?”

“निळं सोडलं असतं तर कोरा पुठ्ठा छापायला पाठवावा लागला असता. म्हणून सगळ्यावर शाई फिरवली. फोन करून विचारायला हवं होतं, कळतंय आता. पण काका फोनवर फार बोलत नाहीत. त्यांच्या बायको होत्या तेव्हा शाई त्या घरीच भरायच्या. त्या गेल्या म्हणून मी आले. मला सारखं वाटतं, त्यांना माझा फोन नको असतो.”

“आधी कधी काचेत काही पाहिलंस?”

ती विचारात पडली. “कधीकधी फिकं निळं असायचं काहीतरी. म्हटलं, कच्चं काम. निळ्याकडे बघायची सवयच नाही.” मग तिला आठवलं. “चेहऱ्याच्या हनुवटीखाली एक तिरकी रेघ होती. मला वाटलं, पेन्सिल घसरली. पण ती दोनदा गिरवलेली होती, म्हणून मीही काढली.”

बाईंनी पर्समधून रविवारचं कात्रण काढलं. दर रविवारी त्या ते कापून ठेवत, कारण त्या दिवशी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलणारा तो पाठमोरा कारकूनच असे. हनुवटीखाली खरोखरच एक बारीक तिरकी रेघ होती.

“मला कोणी खरं मानणार नाही ना?” मुलीने विचारलं.

बाई तिला धीराचे दोन शब्द सांगणार होत्या. पण त्यांनाही अजून माहीत नव्हतं, की त्या स्वतः तिला खरं मानतात की नाही.

३

रेघकाकांनी दार उघडलं ते खोकतच. घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं, आणि इतकं शांत की फ्रिजचा आवाजही पाहुण्यासारखा वाटावा.

“बसा. चहा मीच करतो, म्हणून चांगला होईल याची खात्री नाही,” ते म्हणाले.

काका आत गेले तशी बाईंनी सवयीने खोलीवर नजर फिरवली. खिडकीपाशी तिरकं टेबल. टेबलावर पेन्सिलींचा डबा. त्यात निळ्या पेन्सिलींचे बोटबोटभर उरलेले तुकडे आणि तीन काळ्या पेन्सिली, अगदी नव्याकोऱ्या, नुकतं टोक काढलेल्या. डब्याशेजारी कागदाचा छोटा कोन आणि त्यात पेन्सिलीचा भुसा. टोकं ब्लेडने काढलेली, लांब आणि निमुळती. आतल्या दाराच्या चौकटीवर एकावर एक आडव्या खुणा. पोराची उंची मोजतात तशा, फिक्या निळ्या. खुणा बाईंच्या खांद्याच्या वर गेल्या होत्या आणि तिथे थांबल्या होत्या.

“मुलगा?” काका चहा घेऊन आल्यावर त्यांनी विचारलं.

काकांनी चौकटीकडे पाहिलंही नाही. “आमच्या आधीच्या भाडेकरूंचा असेल.”

“आणि तुम्हाला?”

“लांब असतो.” मग पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून ते स्वतःच बोलू लागले. “हे बघा, मी काळ्या पेन्सिलीने चित्र काढलं, काच कोरी ठेवली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. पाकीट आलं ते रिकामं.”

“शाईवालीने चेहरा घुसडला असेल?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तुम्ही नाही काढला म्हटल्यावर दुसरं काय राहतं, काका?”

म्हाताऱ्याने कपात पाहिलं. “छापताना काहीतरी झालं असेल. यंत्रं आहेत. माफी छापा, मिटवा. कोणाला त्रास नको.”

“तुम्ही आजारी होतात?”

“आठवडाभर ताप होता. अंथरुणातूनच चित्र काढलं.”

“बघायला कोण आलं होतं?”

“कोण येणार?” काका हसले. बाईंना ते हसू ओळखीचं वाटलं. त्या स्वतः मजला चुकलेल्या माणसाला बघून तसंच हसायच्या.

बाहेर पडताना जिन्यात त्यांना शिपाई भेटला, वयस्क माणूस, काकांसाठी औषध घेऊन आलेला. साहेबांनी पाठवलंय म्हणाला.

“रविवारी पाकीट तुम्हीच आणलंत ना? दाराखालून सरकवलंत?”

“सरकतंय कुठलं? पुठ्ठा कडक असतो. दर वेळी बेल वाजवून हातातच द्यावं लागतं. तसंच दिलं.”

“सायकलवरून आणता? वारा होता त्या दिवशी?”

“वारा म्हणजे काय, कॅरियरवरचा पेपर उडून गेला माझा.”

“आणि पाकीट?”

“ते कसं उडेल? फळीसारखं ताठ असतं की.” शिपाई हे बोलला, औषधाची पिशवी सावरत वर गेला आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

४

प्रवचनकार दाढीवाले, चाळिशीच्या आसपासचे, आवाज मऊ. सभेच्या मोकळ्या हॉलमध्ये मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगांपलीकडे ते एका छोट्या टेबलाशी बसले होते. उद्याच्या प्रवचनाची टिपणं काढत होते आणि बोलता बोलता ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. ब्लेड स्थिर, पेन्सिल हळूहळू फिरवत. टोक झालं तसा त्यांनी एक कागद कोनासारखा वळला आणि भुसा त्यात भरून बाजूला ठेवला. हे आपण कुठे पाहिलं, ते बाईंना लगेच आठवलं नाही.

“लोकांच्या भावना दुखावल्यात. मला बोलावंच लागलं,” ते म्हणाले.

“तुम्ही चित्र पाहिलंत?”

“माझ्या माणसांनी पाहिलंय.”

“तुम्ही?”

“मी तसली चित्रं पाहत नाही.” त्यांनी दाढीत बोटं घालून हनुवटी चोळली. “वीस वर्षं झाली, ती खिडकी मी पाहिलेली नाही.”

बाईंनी कात्रण पुढे केलं. प्रवचनकारांनी विस्तवापासून मागे घ्यावा तसा हात मागे घेतला. “नको.”

“ज्या चित्रासाठी एका मुलीच्या बापाने तिला घराबाहेर काढलं, ते चित्र निदान बघा तरी.”

“बाप घराबाहेर काढतो तेव्हा बापालाही त्रास होतोच,” प्रवचनकार म्हणाले. मग जणू जास्त बोललो असं वाटून त्यांनी टिपणं पुढे ओढली. “मुलीचं मला वाईट वाटतं. पण चुकलं असेल तर भोगायला हवं. शुक्रवारी नाव आलं की कायदा बघेल.”

बाई बाहेर येऊन हॉलसमोरच्या बाकावर बसल्या. वड्याचं तेल वांग्यावर निघणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, पण वडा कुठला ते कळत नव्हतं. त्यांनी कात्रण मांडीवर उलगडलं. तीस वर्षांच्या रविवारांची ओळख असलेला तो कारकून. टक्कल. वाकलेले खांदे. कानांवर चष्म्याच्या काड्या.

आणि त्यांची बोटं तिथेच थांबली.

त्यांनी काचेतल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा काड्यांकडे. सगळ्या गावाने दगड मारले, अग्रलेख लिहिले, माफीनामे मागितले, आणि त्यांच्यासकट एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

काचेतल्या चेहऱ्याला चष्मा नव्हता.

५

“मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, काका. चुकली तर थांबवा,” बाई म्हणाल्या.

बुधवार होता. या वेळी चहा बाईंनी केला होता, कारण काकांचा ताप पुन्हा चढला होता. ते टेबलाशी शाल गुंडाळून बसले होते.

“देवाला चष्मा आहे. काचेतल्या माणसाला नाही. म्हणजे ते देवाचं प्रतिबिंब नव्हे. तो माणूस काचेच्या पलीकडे उभा आहे. देव विचारतोय, पुढचं कोण, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पुढे आलंय. देवाचा चेहरा कोणी काढलेलाच नाही. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलं असतंत तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मग का नाही सांगितलंत?”

काकांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

“कारण मग लोकांनी पुढचा प्रश्न विचारला असता. देवाचा नाही तर कोणाचा? मनातून काढलेल्या चेहऱ्याला कोणी हनुवटीखाली व्रण काढत नाही, तोही दोनदा गिरवून. तो खऱ्या माणसाचा चेहरा आहे. आता पेन्सिलीचं. डब्यात निळ्यांचे तुकडे उरलेत, म्हणजे निळी तुम्ही रोज वापरता. काळीचा मात्र एकही तुकडा नाही, तिन्ही नव्या. जुनी काळी संपली होती. तुम्ही तापात होतात. सगळं चित्र तुम्हाला निळ्याने काढावं लागलं.”

“दुकान कोपऱ्यावरच आहे,” काका पुटपुटले.

“पण जिना उतरवत नव्हता, आणि आणायला घरात कोणी नव्हतं. चित्र तर द्यायलाच हवं होतं. म्हणून शाईवालीने सगळ्यावर शाई फिरवली. ती खरं बोलतेय. आणि पाकीट रिकामं नव्हतं, काका. त्या दिवसाच्या वाऱ्यात ते फळीसारखं ताठ होतं, शिपाई सांगतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुठ्ठा या घरातच आहे.”

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

“तुम्ही चुकलात कुठे ते सांगू?” काका शेवटी म्हणाले. “चेहरा मी या वेळीच काढला नाही. दर आठवड्याला काढायचो. निळ्यात. छपाईत उमटत नाही म्हणून. आमची ही शाई भरायला बसायची तेव्हा तिलाही दिसायचा. ती सगळीकडे टाक फिरवायची आणि काचेपाशी आली की हात उचलायची. त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.” त्यांनी शाल घट्ट केली. “या वेळी सगळंच निळं होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तापात हात आपल्या सवयीने चालतो. शेवटची चौकट आली, पुढचं कोण लिहिलं आणि हाताने त्याला काढलं.”

“चौकटीवरच्या खुणा त्याच्याच.”

“हो. लहानपणी स्टुलावर चढून माझ्या निळ्या पेन्सिली काढायला गेला आणि पडला. हनुवटीला टाके पडले.”

“आणि आता व्रण दाढीत झाकलाय.”

काकांनी चमकून पाहिलं.

“पेन्सिलीला टोक तो तुमच्यासारखंच काढतो. भुसाही तसाच कागदाच्या कोनात भरतो,” बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याआधी क्षणभर तिथे निव्वळ आनंद दिसला. “अजून?” त्यांनी विचारलं. “अजून कोन करतो?”

मग ते आपणहून सांगत गेले. मुलगा देवाकडे वळला. बापाची खिडकी त्याला सहन होईना. तुम्ही ज्याची थट्टा करता त्याच्यावर मी जगतो, म्हणाला. बाप म्हणाला, मी थट्टा देवाची करत नाही, रांगेची करतो. दोघांनाही आपलंच खरं वाटलं आणि मुलगा गेला. आई वारली तेव्हा आला होता. लांब, गर्दीच्या मागे उभा राहिला आणि निघून गेला. तो कोणाचा मुलगा, ते त्याने त्याच्या माणसांना कधी सांगितलं नाही.

“मी काढलेल्या चेहऱ्याला दाढी नाही. ती मला काढता येत नाही,” काका म्हणाले. “जवळून पाहिलीच नाही ना. चेहरा तरुण आहे, पण एखाद्याने नीट निरखला असता तर ओळखलं असतं. प्रवचनकार खिडकीवाल्याचा पोर, हे कळलं तर त्याचं काय राहील? म्हणून म्हटलं, मी नाही काढला. संपादक म्हणाले होते, माफी छापू, कोणाला काही होणार नाही.”

“शुक्रवारी शाईवालीचं नाव पोलिसांत जाणार आहे. तिच्या बापाने तिला घराबाहेर ठेवून दार लावून घेतलंय.”

“दार लावून घेतलंय?” काकांनी विचारलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. “हे मला कोणी सांगितलं नाही.”

ते उठले, भिंतीला धरत आत गेले आणि गादीखालून पुठ्ठा घेऊन आले. शाईच्या काळ्या रेघेखाली सगळीकडे निळी रेघ डोकावत होती.

“न्या,” ते म्हणाले. “फक्त संपादकांच्या आधी त्याला दाखवा. निर्णय त्याचा असू दे.”

“आणि त्याने पाहिलंच नाही तर?”

“तर मी स्वतः येऊन सांगेन,” रेघकाका म्हणाले. “एका घराचं दार बंद राहिलं ते पुरे.”

६

गुरुवारी हॉलमध्ये प्रवचनकार एकटेच होते. बाईंनी पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता.

“मी सांगितलं होतं, मी तसली चित्रं—”

“हे देवाचं चित्र नाही,” बाई म्हणाल्या आणि पुठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला.

नको म्हणायला त्यांनी हात उचलला होता, तो अर्ध्यावर राहिला. त्यांनी पाहिलं. मग पुठ्ठा जवळ ओढला आणि पुन्हा पाहिलं. एक बोट आपोआप दाढीत गेलं, हनुवटीखालच्या त्या जागेवर. बाईंनी त्यांना सगळं थोडक्यात सांगितलं, चष्मा, निळी पेन्सिल, आईचा उचललेला हात. ते मध्ये एकदाच बोलले.

“काळी पेन्सिल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पहिल्यापासून.”

“मिळते. पण आणायला घरात माणूस लागतं.”

प्रवचनकार रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. हा माणूस एवढ्या लोकांसमोर बोलतो आणि तरी आपल्याइतकाच एकटा आहे, हे बाईंना त्या वेळी कळलं, आणि त्यांना त्याचा राग येईना.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरला होता. प्रवचनकारांनी त्या दिवशी प्रवचन केलं नाही. ते म्हणाले, “ते चित्र मी न बघता त्याच्यावर बोललो, ही माझी चूक. आता पाहिलंय. त्यात देवाचा चेहरा नाही. माझा आहे. काढणारे माझे वडील आहेत. शाई भरणाऱ्या मुलीने समोर होतं ते केलं. तक्रार मी आज सकाळीच मागे घेतलीय. तिच्या वडिलांनी आज घरी जाऊन दार उघडावं, असं मी सांगत नाही, विनवतो.”

लोक ते लोकच. पुढच्या दोन रांगा उठून गेल्या, कारण आता त्यांच्या भावना प्रवचनकारांमुळे दुखावल्या होत्या. देवाच्या खिडकीत स्वतःचा चेहरा म्हणजे केवढा हा गर्व, असं एकजण जिन्यात म्हणत होता. त्यानेही चित्र पाहिलेलं नव्हतं. पण शाईवालीचा बाप शेवटच्या रांगेत बराच वेळ मान खाली घालून बसला, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवरची कपड्यांची पिशवी कचेरीतून हलली.

रविवारी ‘देवाची खिडकी’ आली. शेवटच्या चौकटीतली काच कोरी होती. बाईंनी चहाबरोबर चौकट पाहिली, कात्रण कापलं, आणि मग एरवी त्या करत नसत ते केलं. चप्पल घालून त्या रेघकाकांकडे गेल्या.

काकांचा ताप उतरला होता. टेबलावर काळ्या पेन्सिलींचा एक गठ्ठा होता, दोऱ्याने बांधलेला. बाईंनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

“आला नाही,” काका म्हणाले. “सकाळी दाराशी ठेवलेल्या होत्या. बेल वाजली, मी उठेपर्यंत जिन्यात कोणी नव्हतं.”

बाईंनी गठ्ठा उचलला. प्रत्येक पेन्सिलीला ब्लेडने टोक काढलेलं होतं, लांब आणि निमुळतं. एकाही टोकाला घाई केलेली नव्हती.

“सगळ्यांना टोकं काढून आणल्यात,” काका म्हणाले. त्यांनी गठ्ठा परत घेतला आणि दोरा न सोडताच डब्यामागे नीट ठेवला. “या मी वापरणार नाही. वापरल्या की झिजतील.”

बाईंनी हात लांब करून गठ्ठा पुढे ओढला, दोऱ्याची गाठ सोडली आणि एक पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

“वापरा, काका,” त्या म्हणाल्या. “या संपल्याशिवाय तो दुसऱ्या कशा आणेल?”